आगीतून वाचली, वस्तीत राहिली
शिकागोच्या सेंट इग्नेशियस शाळेची दीडशे वर्षे

अमेरिकेतील शिकागो शहराच्या मुख्य व्यापारपेठेच्या नैर्ऋत्येस, रुझवेल्ट रोडवर, दोन जुन्या वास्तू शेजारी शेजारी उभ्या आहेत. एक आहे होली फॅमिली चर्च आणि दुसरी सेंट इग्नेशियस कॉलेज प्रेप ही माध्यमिक शाळा. १८७१ च्या भीषण आगीपूर्वी बांधलेल्या ज्या मोजक्या इमारती या शहरात आज उरल्या आहेत, त्यांत या दोहोंची गणना होते. ही शाळा कॅथलिक पंथातील जेझुइट, अर्थात येशूसंघीय, धर्मगुरूंनी १८६९ मध्ये स्थापन केली. आपल्याकडील नववी ते बारावीशी जुळणारे वर्ग तेथे भरतात आणि मुले-मुली एकाच वर्गात शिकतात.

आज ही गोष्ट कोणाला विशेष वाटणार नाही. तथापि पहिली एकशे दहा वर्षे या शाळेच्या वर्गात मुलींना जागा नव्हती. १९७९ मध्ये ती मिळाली. त्याआधीच्या व नंतरच्या घटनांकडे पाहिले, तर स्थलांतरितांची वस्ती, धर्मसत्तेची शिकवण, शहराची उलथापालथ आणि पैशाचे गणित या चार गोष्टी एखाद्या शाळेचे भवितव्य कसे ठरवितात, हे स्पष्ट दिसते. शाळेचे दार कोणासाठी उघडते आणि कोणासाठी बंद होते, हा प्रश्न या इतिहासात पुन्हा पुन्हा उभा राहतो.

आयरिश मजुरांची वस्ती

या कथेची सुरुवात फादर आर्नोल्ड डेमन या डच धर्मगुरूंपासून होते. नेदरलँड्समध्ये १८१५ साली जन्मलेले डेमन तरुणपणीच अमेरिकेत आले आणि येशूसंघात दाखल झाले. १८५७ मध्ये ते शिकागोत आले, तेव्हा हे शहर झपाट्याने वाढत होते. कालवे, रेल्वे आणि कत्तलखान्यांच्या कामासाठी हजारो आयरिश मजूर येथे येत होते. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळाने देशोधडीला लागलेल्या या लोकांच्या हाती कष्टाखेरीज भांडवल नव्हते. त्यातच कॅथलिक असल्यामुळे प्रॉटेस्टंट बहुसंख्याकांच्या संशयाचे ते धनी झाले होते.

डेमन यांनी शहराच्या प्रतिष्ठित भागाऐवजी या मजुरांच्या वस्तीची निवड केली. तेथे होली फॅमिली या नावाचे धर्मग्राम (एका चर्चभोवती संघटित झालेला श्रद्धाळूंचा समाज) स्थापन झाले. १८६० मध्ये गॉथिक शैलीतील भव्य चर्चचे उद्घाटन झाले. वस्ती गरीब, चर्च मात्र एखाद्या राजधानीला शोभावे असे! यावर त्या काळी टीकाही झाली असेल; परंतु पै-पै जमवून उभारलेली ही वास्तू मजुरांच्या अभिमानाचा विषय ठरली. पुढील काही दशकांत होली फॅमिली हे अमेरिकेतील सर्वांत मोठ्या धर्मग्रामांपैकी एक बनले आणि त्याची लोकसंख्या वीस हजारांच्या पुढे गेली.

चर्चच्या पाठोपाठ शाळा आल्या. त्या मुलग्यांसाठी वेगळ्या आणि मुलींसाठी वेगळ्या होत्या. मुलींसाठी टेलर स्ट्रीटवर सेक्रेड हार्ट संघाच्या धर्मभगिनींनी कॉन्व्हेंट शाळा सुरू केली. मुंबईत सोफिया महाविद्यालय स्थापन करणारा धर्मभगिनींचा संघ तो हाच. १८६७ मध्ये आयोवा राज्यातून बीव्हीएम या संघाच्या भगिनी आल्या आणि धर्मग्रामातील मुलींच्या शिक्षणाचा मोठा भार त्यांनी उचलला. मुलग्यांच्या उच्च शिक्षणासाठी डेमन यांनी चर्चला लागूनच सेंट इग्नेशियस कॉलेजची पायाभरणी केली. इलिनॉय राज्याकडून त्याला १८७० मध्ये सनद मिळाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात मोजक्या विद्यार्थ्यांनिशी वर्ग सुरू झाले. वास्तुविशारद तुसाँ मेनार यांनी फ्रान्समध्ये त्या काळी प्रचलित असलेल्या ‘सेकंड एम्पायर’ शैलीत इमारतीचा आराखडा केला होता.

योगायोग असा, की ज्या १८६९ साली शिकागोत ही पायाभरणी झाली, त्याच वर्षी मुंबईत जर्मन येशूसंघीयांनी सेंट झेवियर्स महाविद्यालयाची स्थापना केली. दोन्ही ठिकाणी शिक्षणाचा मूळ आराखडा एकच होता. येशूसंघाने १५९९ मध्ये आपल्या जगभरच्या शाळांसाठी एक सविस्तर शिक्षणसंहिता निश्चित केली होती. लॅटिन व ग्रीक भाषा, वक्तृत्व आणि शेवटी तत्त्वज्ञान अशी तिची चढती भाजणी होती. अमेरिकेतील येशूसंघीयांच्या ‘कॉलेज’मध्ये त्यामुळे दहा-बारा वर्षांच्या मुलांपासून पदवीच्या विद्यार्थ्यांपर्यंत सर्वजण एकाच छपराखाली शिकत. शाळा आणि महाविद्यालय अशी फारकत तेथे बरीच उशिरा झाली. माध्यमिक शाळेच्या नावात आजही ‘कॉलेज’ हा शब्द का आहे, याचे उत्तर या परंपरेत सापडते.

आगीची रात्र

८ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री शाळेच्या पूर्वेला, सुमारे एक किलोमीटर अंतरावर, डेकोव्हन स्ट्रीटवरील पॅट्रिक व कॅथरीन ओलिअरी या आयरिश दांपत्याच्या गोठ्याला आग लागली. हे कुटुंब होली फॅमिली धर्मग्रामातीलच होते. लाकडी घरे, लाकडी फुटपाथ आणि अनेक आठवड्यांचा कोरडा दुष्काळ यांमुळे आग पाहता पाहता पसरली. दोन दिवसांत सुमारे ३०० माणसे मृत्युमुखी पडली आणि एक लाख लोक बेघर झाले. शहराची संपूर्ण व्यापारपेठ भस्मसात झाली.

ओलिअरीबाईंच्या गाईने कंदिलाला लाथ मारल्यामुळे आग लागली, ही कथा वृत्तपत्रांनी जगभर पोहोचविली. गरीब, परदेशी आणि कॅथलिक स्त्रीवर दोष ढकलणे त्या वातावरणात सोपे होते. बाईंनी उर्वरित आयुष्य लोकांच्या नजरा चुकवीत काढले. शिकागोच्या नगरपरिषदेने ठराव करून त्यांना (आणि गाईलाही) दोषमुक्त केले ते १९९७ मध्ये, म्हणजे सव्वाशे वर्षांनी!

चर्च आणि कॉलेज मात्र या आगीतून बचावले. वारा नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे वाहत असल्याने ज्वाळा शहराच्या मध्यभागाकडे गेल्या. होली फॅमिलीच्या परंपरेत याचे वेगळे स्पष्टीकरण दिले जाते. धर्मप्रसाराच्या कामासाठी न्यूयॉर्कजवळ ब्रुकलिनला गेलेल्या फादर डेमन यांना तारेने आगीची वार्ता समजली. चर्च वाचले तर मातेच्या प्रतिमेपुढे सात दिवे अखंड तेवत ठेवीन, असा नवस त्यांनी बोलला, अशी आख्यायिका आहे. ते सात दिवे, आता विजेवरचे, आजही चर्चमध्ये तेवत असतात. नवसाची ही रीत मराठी वाचकाला परकी वाटणार नाही.

आगीनंतर शिकागो विलक्षण वेगाने उभे राहिले. अवघ्या बावीस वर्षांनी, १८९३ मध्ये, याच शहरात जागतिक प्रदर्शन आणि सर्वधर्म परिषद भरली. स्वामी विवेकानंदांमुळे शिकागोचे नाव भारतात घरोघरी पोहोचले ते तेव्हा.

विद्यापीठ गेले, शाळा राहिली

विसाव्या शतकाच्या आरंभी कॉलेजने मोठी झेप घेतली. १९०९ मध्ये त्याचे रूपांतर लोयोला विद्यापीठात झाले. नव्या विद्यापीठासाठी शहराच्या उत्तर टोकाला, मिशिगन सरोवराच्या काठी, आधीच जमीन घेण्यात आली होती. १९२२ मध्ये महाविद्यालयीन वर्ग तिकडे हलले. रुझवेल्ट रोडच्या जुन्या इमारतीत माध्यमिक शाळा तेवढी उरली.

हा पहिला महत्त्वाचा वळणबिंदू म्हणावा लागेल. आयरिश कुटुंबे सुस्थितीत येऊन उपनगरांकडे सरकू लागली होती आणि विद्यापीठही त्यांच्या दिशेने गेले. वस्तीत आता इटालियन, ज्यू, ग्रीक, मेक्सिकन आणि दक्षिणेकडून आलेली कृष्णवर्णीय कुटुंबे राहत होती. समाजसेविका जेन अ‍ॅडम्स यांनी एलन गेट्स स्टार यांच्यासह १८८९ मध्ये स्थापन केलेले ‘हल हाऊस’ हे सेवाकेंद्र याच परिसरातील. नव्या वस्तीतील मुलांना शाळेची गरज आयरिश मुलांइतकीच होती. प्रसिद्ध विनोदी अभिनेते बॉब न्यूहार्ट १९४७ मध्ये याच शाळेतून उत्तीर्ण झाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र परिसराची वाताहत झाली. शहर सुधारणेच्या नावाखाली द्रुतगती महामार्गासाठी घरे पाडण्यात आली. १९३८ पासून बांधल्या गेलेल्या सरकारी गृहवसाहती पुढे दुर्लक्षामुळे दारिद्र्य व गुन्हेगारीच्या बेटांसारख्या झाल्या. साठच्या दशकात इलिनॉय विद्यापीठाच्या नव्या संकुलासाठी इटालियन वस्तीचा मोठा भाग जमीनदोस्त झाला. फ्लॉरेन्स स्काला या स्थानिक महिलेच्या नेतृत्वाखाली रहिवाशांनी चिवट लढा दिला. पण तो अयशस्वी ठरला आणि १९६५ मध्ये संकुल सुरू झाले. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर शिकागोच्या पश्चिम भागात दंगली उसळल्या आणि मैलभर दुकाने जळाली. मध्यमवर्गीय कुटुंबांनी या भागाकडे पाठ फिरविली.

अशा वेळी अनेक संस्था उपनगरांत निघून गेल्या. याच शहरातील येशूसंघीयांची दुसरी शाळा, लोयोला अ‍ॅकॅडमी, १९५७ मध्येच विल्मेट या संपन्न उपनगरात हलली होती. सेंट इग्नेशियसची इमारत जीर्ण झाली होती आणि दुरुस्तीचा खर्च डोळे फिरविणारा होता. तरीही शाळा रुझवेल्ट रोडवरच राहिली. १९७७ मध्ये इमारतीची नोंद राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत झाली. वास्तूला मान मिळाला. वर्ग भरण्यासाठी मात्र विद्यार्थी हवे होते.

सहशिक्षणाला विरोध का होता?

शाळेने मुलींना प्रवेश देण्यास एवढा काळ का लागला, हे समजून घेण्यासाठी रोमकडे पाहावे लागते. ३१ डिसेंबर १९२९ रोजी पोप पायस अकरावे यांनी ख्रिस्ती शिक्षणाविषयी एक परिपत्रक काढले. त्यात सहशिक्षणाची पद्धत चुकीची आणि ख्रिस्ती शिक्षणाला घातक असल्याचे स्पष्ट शब्दांत नमूद होते. मानवी स्वभावातील मूळ पापाचा विसर पडल्यामुळे आणि समानता म्हणजे सरसकट एकसारखेपणा असा समज झाल्यामुळे ही पद्धत फोफावली, अशी पोप यांची मांडणी होती. स्त्री-पुरुष परस्परपूरक आहेत, म्हणून त्यांचे शिक्षण, विशेषतः किशोरवयात, वेगळे असावे, असा त्यातील आग्रह होता.

प्रत्यक्षात अमेरिकेतील बहुसंख्य कॅथलिक प्राथमिक शाळांत मुले-मुली एकत्रच शिकत होती. १८८४ च्या बाल्टिमोर धर्मपरिषदेने प्रत्येक चर्चला दोन वर्षांत शाळा काढण्याचा आदेश दिला होता आणि एका धर्मग्रामात दोन शाळा बांधणे बहुतेकांना परवडणारे नव्हते. माध्यमिक स्तरावर मात्र विभागणी कटाक्षाने पाळली जाई. मुलग्यांच्या शाळा धर्मगुरू आणि धर्मबंधू चालवीत, मुलींच्या धर्मभगिनी. म्हणजे तत्त्वज्ञानाच्या जोडीला व्यवस्थापनाचीही भिंत होती. प्रत्येक संघाची इमारत वेगळी, निधी वेगळा आणि परंपरा वेगळी.

हळूहळू रोमची भाषा सौम्य झाली. १९५७ मध्ये धर्मसंघांच्या कारभाराशी संबंधित रोमच्या विभागाने सूचना काढली. सहशिक्षण हा आदर्श नव्हे. पण स्वतंत्र शाळा शक्य नसतील, तेथे योग्य दक्षता घेऊन ते चालू ठेवण्यास हरकत नाही, असा तिचा आशय होता. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी शिक्षणविषयक घोषणापत्र स्वीकारले. त्यात १९२९ च्या निषेधाचा सूर नाही. अध्यापन करताना स्त्री व पुरुष यांच्यातील भेद लक्षात घ्यावा, एवढीच अपेक्षा तेथे व्यक्त झाली. दार पूर्ण उघडले गेले नव्हते, परंतु कडी निघाली होती.

येशूसंघाच्या अंतरंगातही बदल होत होता. ३१ जुलै १९७३ रोजी संघाचे प्रमुख पेद्रो आरुपे यांनी स्पेनमधील वॅलेन्सिया येथे माजी विद्यार्थ्यांपुढे भाषण केले. आपल्या शाळांतून ‘इतरांसाठी जगणारे पुरुष’ घडले पाहिजेत, असे त्यांनी बजावले. शिक्षण न्यायाच्या बाजूने उभे राहिले नाही, तर ते अपुरे आहे, हा त्या भाषणाचा रोख होता. समोर बसलेले सारे श्रोते पुरुष असल्याने त्यांच्या तोंडी ‘पुरुष’ हाच शब्द आला. पुढे जगभरातील येशूसंघीय शाळांनी हे वाक्य बोधवाक्य म्हणून स्वीकारले, तेव्हा त्यात ‘आणि स्त्रिया’ ही भर पडली. १९९५ मध्ये येशूसंघाच्या चौतिसाव्या सर्वसाधारण सभेने स्त्रियांच्या समाजातील व चर्चमधील स्थानाविषयी स्वतंत्र ठराव केला आणि अन्यायाच्या परंपरेत आपलाही वाटा असल्याची कबुली दिली.

मुलींचा प्रवेश

सेंट इग्नेशियसने १९७९ मध्ये मुलींसाठी दार उघडले. कायद्याची सक्ती त्यामागे नव्हती. शिक्षणातील लिंगभेदाला मनाई करणारा १९७२ चा अमेरिकी कायदा खासगी माध्यमिक शाळांच्या प्रवेशांना लागू होत नाही. म्हणजे शाळेने मनात आणले असते, तर ती केवळ मुलग्यांची राहू शकली असती. शिकागोत आजही अशा काही शाळा आहेत.

काळ मात्र प्रतिकूल होता. अमेरिकेत युद्धोत्तर काळातील जन्मांचा उच्चांक १९५७ मध्ये गाठला गेला. त्या वर्षी सुमारे ४३ लाख बालके जन्मली. १९७३ पर्यंत हा आकडा ३१ लाखांच्या आसपास उतरला. चौदाव्या वर्षी मूल माध्यमिक शाळेत जाते, हे ध्यानात घेतले तर १९७१ नंतर पटसंख्येला ओहोटी का लागली, हे कळते. शहरातून उपनगरांकडे होणारे स्थलांतर वेगळेच. ज्या शाळेला संपूर्ण शहरातून विद्यार्थी आणायचे होते, तिला अर्ध्या मुलांकडे पाठ फिरवून चालण्यासारखे नव्हते.

हिशेबाबरोबरच पालकांची मागणीही बदलली होती. मुलींना विज्ञान, गणित आणि अभिजात भाषांचे तेच शिक्षण, तेच शिक्षक आणि विद्यापीठाची तीच वाट हवी होती. एकाच घरातील भाऊ इग्नेशियसमध्ये आणि बहीण दुसरीकडे, ही दीर्घकाळची रीत त्यामुळे मोडली. याची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. मुलग्यांच्या नामवंत शाळा मुलींना घेऊ लागल्या की मुलींच्या शाळांचा पट घसरतो. धर्मभगिनींनी पिढ्यान् पिढ्या कष्टाने उभारलेल्या आणि मुलींना नेतृत्वाची संधी देणाऱ्या अनेक कॅथलिक शाळा शिकागोत बंद पडल्या. सहशिक्षण ही एका संस्थेला मिळालेली संजीवनी असली, तरी तिची किंमत काही वेळा दुसऱ्या संस्थेने मोजली आहे.

ऐंशीच्या दशकात फादर डोनाल्ड रो यांच्या कारकिर्दीत जीर्णोद्धाराचे मोठे काम हाती घेण्यात आले. शहरात इतरत्र पाडल्या जाणाऱ्या जुन्या इमारतींचे कोरीव दगड, कमानी व नक्षीचे तुकडे आणून शाळेच्या आवारात जतन करण्यात आले. शेजारच्या चर्चची अवस्था तोवर बिकट झाली होती. ३१ डिसेंबर १९९० पर्यंत दहा लाख डॉलर जमले नाहीत, तर चर्च पाडावे लागेल, असे जाहीर झाले. ‘प्रार्थना करा आणि पैसे पाठवा’ या आवाहनाला देशभरातून प्रतिसाद मिळाला आणि मुदतीच्या आत रक्कम उभी राहिली. आगीतून वाचलेली वास्तू दुसऱ्यांदा वाचली.

पैशाचे गणित

मुलींचा प्रश्न सुटला. त्याची जागा फीच्या प्रश्नाने घेतली.

येशूसंघाच्या मूळ नियमांनुसार शिक्षण विनामूल्य द्यायचे होते. युरोपात राजे व सरदार शाळांना जमिनी देत, त्यांवर खर्च भागे. अमेरिकेत असे दाते नव्हते. अखेर १८३३ मध्ये रोमने अमेरिकी येशूसंघीयांना फी घेण्याची खास परवानगी दिली. तरीही ही फी दीर्घकाळ माफक राहिली, कारण शिकविणारे धर्मगुरू आणि धर्मभगिनी वेतन घेत नसत किंवा नाममात्र घेत. कॅथलिक शाळांचे सारे अर्थकारण या विनावेतन श्रमावर उभे होते.

हा आधार १९६५ नंतर खचला. त्या वर्षी अमेरिकेत सुमारे १,८०,००० धर्मभगिनी होत्या. आज त्यांची संख्या ४०,००० हून कमी आहे. त्यांच्या जागी आलेल्या शिक्षकांना संसार चालविण्याइतके वेतन द्यावे लागते. कॅथलिक शाळांतील विद्यार्थिसंख्या साठच्या दशकाच्या मध्याला ५२ लाखांवर होती. ती आता १७ लाखांच्या आसपास आहे. मे २०२५ मध्ये निवडले गेलेले पोप लिओ चौदावे हे शिकागो परिसरात वाढलेले. ज्या धर्मग्रामाच्या शाळेत ते बालपणी शिकले, ती शाळा बंद पडून अनेक वर्षे लोटली आहेत.

येथे भारतीय व अमेरिकी व्यवस्थेतील मूलभूत फरक लक्षात घ्यायला हवा. आपल्याकडे राज्यघटनेच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था चालविण्याचा हक्क दिला आहे आणि अनुदान देताना सरकारने अशा संस्थांबाबत भेदभाव करू नये, असेही म्हटले आहे. त्यामुळे महाराष्ट्रातील अनेक ख्रिस्ती शाळांतील शिक्षकांचे वेतन सरकारी अनुदानातून होते आणि तेथील फी सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात राहते. अमेरिकेत १९२५ च्या एका निकालाने मुलांना खासगी वा धार्मिक शाळेत पाठविण्याचा पालकांचा हक्क मान्य केला. परंतु धार्मिक शाळांतील शिक्षकांच्या वेतनाला राज्याने हातभार लावणे घटनाबाह्य असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये दिला. हक्क आहे, अनुदान नाही, अशी ती स्थिती. इलिनॉय राज्यात २०१७ मध्ये खासगी शाळांतील शिष्यवृत्त्यांसाठी देणगी देणाऱ्यांना करसवलत देणारी योजना सुरू झाली होती. तिची मुदत २०२३ च्या अखेरीस संपली आणि ती वाढविण्यात आली नाही.

परिणामी सेंट इग्नेशियसची वार्षिक फी आज वीस हजार डॉलरच्या पुढे गेली आहे. प्रवेशासाठी परीक्षा द्यावी लागते. शहर आणि उपनगरांतून विद्यार्थी येतात आणि तेथून देशातील नामांकित विद्यापीठांत जातात. गरजू विद्यार्थ्यांना शाळा आर्थिक साहाय्य देते. तरीसुद्धा ज्या शाळेचा पाया अंगमेहनत करणाऱ्या स्थलांतरितांच्या वर्गणीवर रचला गेला, ती आज शहरातील प्रतिष्ठित व महागड्या शाळांत मोडते, हे वास्तव उरतेच. सभोवतालची सरकारी गृहवसाहत एकविसाव्या शतकाच्या आरंभी पाडली गेली. तिची एकच जुनी इमारत ठेवण्यात आली. तेथे एप्रिल २०२५ पासून सार्वजनिक गृहनिर्माणाचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. वस्ती गेली, तिचे संग्रहालय राहिले!

जुन्या प्रश्नाचे नवे उत्तर

या विसंगतीची जाणीव येशूसंघाला नव्हती, असे नाही. १९९६ मध्ये शिकागोच्याच पिल्सन या मेक्सिकन स्थलांतरितांच्या भागात, सेंट इग्नेशियसपासून काही किलोमीटरवर, ‘क्रिस्तो रे’ ही नवी शाळा सुरू झाली. पेरू देशात दीर्घकाळ काम केलेले फादर जॉन फोली तिचे पहिले प्रमुख होते. सहशिक्षण तेथे पहिल्या दिवसापासूनच होते. त्याची कोणी चर्चाही केली नाही, यातच सत्तर वर्षांत पडलेले अंतर दिसते.

या शाळेने फीच्या प्रश्नावर अभिनव मार्ग काढला. प्रत्येक विद्यार्थी महिन्यातून पाच दिवस शहरातील बँक, वकिलाचे कार्यालय, रुग्णालय अशा ठिकाणी काम करतो. चार-पाच विद्यार्थी मिळून आळीपाळीने एक पूर्णवेळ जागा सांभाळतात आणि त्या जागेचे वेतन थेट शाळेकडे जमा होते. कुटुंबावर पडणारा भार त्यामुळे बराच हलका होतो. शिवाय ज्या मुलांच्या घरात कोणी कार्यालयात नोकरी केलेली नाही, त्यांना ते जग आतून पाहता येते. किशोरवयीन मुलांना शिक्षणासाठी काम करावे लागणे योग्य आहे का, असा आक्षेप यावर घेता येईल. तथापि हा प्रयोग अमेरिकेच्या अनेक शहरांत पसरला आणि आज या पद्धतीच्या सुमारे चाळीस शाळा आहेत. भाऊराव पाटलांच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेची परंपरा असलेल्या महाराष्ट्राला या प्रयोगाचे मर्म समजावून सांगण्याची गरज नाही.

आपल्यासाठी यातून काय?

महाराष्ट्रातही शाळांच्या इतिहासाला वस्तीच्या इतिहासापासून वेगळे काढता येत नाही. गिरणगाव बदलले, की तेथील शाळांचा पट बदलतो. मध्यमवर्ग उपनगरांत गेला, की शहराच्या गाभ्यातील जुन्या, भक्कम इमारती रिकाम्या वाटू लागतात. २०१२ च्या कायद्याने स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा मार्ग मोकळा झाल्यापासून फीचा प्रश्न आपल्याही दारात येऊन ठेपला आहे. अनुदानाची भिंत जेथे पातळ होते, तेथे शिकागोत घडले ते घडण्यास फार वेळ लागत नाही.

सेंट इग्नेशियसच्या दीडशे वर्षांत तीन निर्णय कळीचे ठरले. विद्यापीठ निघून गेल्यावरही शाळा जागेवर ठेवण्याचा, वस्ती उद्ध्वस्त झाल्यावरही तेथून न हलण्याचा आणि मुलींना प्रवेश देण्याचा. पहिल्या दोहोंमुळे वास्तू टिकली, तिसऱ्यामुळे शाळेला नवे आयुष्य मिळाले. १९२९ मध्ये जे धोकादायक ठरविले गेले होते, ते पन्नास वर्षांत तारक ठरले. श्रद्धेच्या आधारावर घातलेली बंधनेही काळाच्या गरजेपुढे पुन्हा तपासावी लागतात, हा धडा केवळ कॅथलिक संस्थांपुरता नाही.

चौथा निर्णय अजून पूर्ण झालेला नाही. फादर डेमन यांनी शाळा काढली, तेव्हा तिच्या दाराशी उभा असलेला मुलगा मजुराचा होता. आज त्या दारातून मुलगीही आत जाते. ती मुलगी मजुराची असेल का, याचे उत्तर यापुढे शाळेच्या शिष्यवृत्ती निधीत, दात्यांच्या खिशात आणि राज्याच्या धोरणात शोधावे लागणार आहे.